बेचिराख गावाची ओळ

गोविंदराव गेल्याला महिना झाला. शोकसभेत आमचे साहेब म्हणाले, "माणूस भला, पण कॉम्प्युटरच्या विरोधात होता." मागच्या बाकावर बसून मी ओठ चावले. आता मात्र गप्प बसवत नाही...

जमिनीच्या मोजणीच्या कचेरीत ते नकाशे काढायचे, मी तिथंच कारकून. जिल्ह्याला कॉम्प्युटर आला तेव्हा महसूल, पाणीपुरवठा आणि आमची, अशा तिन्ही कचेऱ्यांच्या गावयाद्या एक करायच्या होत्या; पाण्याची बोअर कुठल्या गावाला द्यायची, तेही त्याच यादीवरून ठरणार होतं. गाव एकच, पण नंबर तीन अन् नावाच्या तऱ्हाही तीन! गोविंदरावांनी त्यासाठी एक वही सुरू केली. प्रत्येक गावाला एकच नंबर, पुढं तिन्ही कचेऱ्यांतली नावं आणि शेवटी दोन रकाने: "कुणी पाहिलं" आणि "दुसरं कुणी पाहिलं". म्हणायचे, "नाना, एका कचेरीचं दुसरीला कळायचं तर आधी लिहायची रीत एक पाहिजे." हा काय विरोध झाला?

पालमकडचं एक गाव निजामाच्या काळापासून कागदावर बेचिराख, म्हणजे ओसाड. पण नामांतराच्या दंगलीत घरं जळालेली माणसं तिथं येऊन राहिली होती. "नाना, चला की," गोविंदराव म्हणाले. मी म्हटलं, ऊन लय आहे. ते एकटेच एस.टी.नं गेले. तिथल्या गयाबाईनं त्यांना विचारलं, "सायब, आमी दिसायलोत की न्हाई तुमाला? मंग लिवा की!"

त्यांनी लिहिलं. साहेबांनी वही बाजूला सारली. "बेचिराख गावाला बोअर कशाला? आणि कुणी पाहिलं, याला कॉम्प्युटरच्या फॉर्मात जागा नाही." घ्या! यादी निघाली, गाव गळालं, बोअरची गाडी भलतीकडं गेली. गयाबाई अजून नदीतल्या झऱ्यावर घागर घेऊन जाते. गोविंदराव निवृत्त होईस्तोवर अर्ज करत राहिले, एकाचंही उत्तर आलं नाही. लाज कशी वाटत नाही या लोकांना? अन् मला तरी कुठं वाटली? ती यादी माझ्या हातची. खाली सही माझी.

परवा गोविंदरावांच्या घरी गेलो, तर वहिनींनी ती वही हातात दिली. "तुमच्यासाठी ठेव म्हणाले होते." त्या गावाच्या ओळीत पहिल्या रकान्यात त्यांची सही. शेजारचा रकाना कोरा, फक्त पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं... नाना. इतक्या वर्षांत त्यांनी ते खोडलं नव्हतं.

काल पालमची एस.टी. धरली. ऊन होतंच. गयाबाईच्या दारात बसून पेन्सिलीच्या त्या अक्षरांवर सही केली. सोमवारी वही साहेबांच्या टेबलावर ठेवणार. आता सारा म्हणावं बाजूला! निघताना गयाबाईनं तांब्याभर पाणी पुढं केलं. ते प्यायलो, अन् तिची घागर उचलून आधी झऱ्याकडं गेलो.