बायको राक्षस झाली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोलंबी सोलणं. खळ्यात बसलो होतो, मध्ये टोप. ती म्हणाली, "तुमच्या हातानं सोलून व्हायची म्हणजे कालवण उद्याच. अहो, इकडं बघा." बघितलं तर तोंड वाकडं, एक डोळा मिटलेला, बोटांचे पंजे. पिक्चरमधला राक्षस. मी हसलो. कालवण झालं, जेवलो. दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठायच्या आधीच गेली.

पिक्चर नातीनं मोबाईलवर काढलेला. छोटासा, मुका. भयाची जुनी गोष्ट आहे म्हणे, डॉक्टर कसलंसं औषध पितो नि त्याचा राक्षस होतो. नातीनं त्या गोष्टीची मस्करी केली. डॉक्टर केलं आजीला. माझ्या धोतराचा कोट, औषध म्हणून कोकमाचं आगळ. ते पिऊन ही राक्षस होते नि मला भिववायला येते. मी जाळं शिवतोय. मान वर करायची नाही, एवढंच माझं काम. ती पुढून येते, मागून येते, नरड्याकडे पंजे नेते. मी तिच्या पंज्यात सुताचं टोक देतो. शेवटी राक्षस कंटाळतो नि शेजारी बसून जाळं शिवायला लागतो.

जन्मभर मासे विकले तिनं. आवाज बंदरापर्यंत जायचा. त्या बाईनं एक शब्द न काढता हे सगळं केलं. मी चौथी शिकलेला माणूस, पण चांगलं काम बघितलं की मला कळतं.

देवळापुढं पडदा लावून पिक्चर दाखवायचा, हे ती असतानाच ठरलेलं. बारावं झालं तसा मुलगा म्हणाला, "बाबा, वर्ष तरी होऊ दे. आईला लोक हसतील."

"हसायलाच काढलाय तो. तिनं काय रडवायला तोंड वाकडं केलं?"

दाखवला. ती पडद्यावर आली नि सगळे गप्प. पडदा सोडून माझ्याकडं बघायला लागले. मग मीच हसलो, मोठ्यानं. त्यानंतर जे हसले लोक! पोरं मातीत लोळली. माझी छाती फुगली. ती माझी बायको होती.

सकाळी मच्छी मार्केटात गेलो. तिच्या शेजारी बसणारी ओरडली, "आले गो, राक्षसाचे घोव आले!" नि तिनं तोंड वाकडं केलं. मग पुढचीनं केलं, तिच्या पुढचीनं केलं.

म्हटलं, "एकीला जमेल तर शपथ."

पिशवी खाली ठेवली, एक डोळा मिटला, नि भर मार्केटात तोंड कसं करायचं ते त्यांना दाखवलं.