अंगठ्याखालचा वारा

देवी ऐकते का, असा प्रश्न मला आयुष्यात एकदाच पडला, आमच्या मालकांची वाचा गेली तेव्हा. मी पहिल्यापासून अबोल. माहेरी पाहुणे आले की मी चुलीमागं जायची. लग्नानंतर दुकानदाराशी, डॉक्टरांशी, मुलीच्या मास्तरांशी बोलायचं काम मालकांनीच अंगावर घेतलं. मुखेडला त्यांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर माणसं, थट्टा, हातोडीचे आवाज. मी बोलायची ती माहूरच्या रेणुकामातेशी, तेही मनातल्या मनात.

भादव्यात त्यांनी दारातली जुनी पेट्रोलची जीप उघडली होती. ती त्यांनी हौसेनं जपलेली. इंजिनातला डिस्ट्रिब्युटर त्यांनी दुरुस्तीला बाहेर काढला. हा भाग एकेका प्लगला त्याच्या वेळेवर ठिणगी पोचवतो, असं त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. परत कसा बसवायचा ते कळावं म्हणून इंजिनावर खडूच्या खुणा केल्या, आणि भाग फडक्यात बांधून फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना ते कोसळले. लातूरच्या दवाखान्यातून घरी आणले तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत होता आणि जीभ जड झाली होती. डॉक्टर म्हणाले, यांना बोलतं ठेवा, वाकडंतिकडं का होईना, गप्प राहिले तर आहे तेही जाईल. पण भेटायला आलेलं कुणीतरी त्यांच्या बोबड्या शब्दाला हसलं. त्या दिवशी त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. पाणी पाहिजे तरी भिंतीवर बोट वाजवायचे.

मी देवीला म्हटलं, आई, हातपाय राहू दे. माहूरला तूही नुसती मुखानंच बसलीस. यांचंही तेवढं मुख मोकळं कर, मी यांना यांच्याच जीपमधून तुझ्या दारी आणते. दिवस जात राहिले. घर मुकंच होतं.

खंडेनवमीला दिरानं दुकानातली अवजारं मांडून पूजा केली. जीप धुतली, हार घातला, चाकांपुढं लिंबं ठेवली. लिंबावरून गेल्याशिवाय गाडीची पूजा पुरी होत नाही. इंजिन चालू होणार नव्हतं, म्हणून दीर, जाऊ, मी आणि शेजारचे दोघे, सगळ्यांनी मिळून ढकलली. फार जड लागली, हिसके देत देत गेली. ओसरीवरच्या खाटेवरून मालक डावा हात हलवत घशातून आवाज काढू लागले. आम्हाला वाटलं, पूजा बघून त्यांना गहिवरून आलं. मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी नजर खाली घातली.

पुढं दिरानं एक मिस्त्री आणला. त्यानं खडूच्या खुणांप्रमाणं डिस्ट्रिब्युटर बसवला. जीप नुसती खोकली, फट्ट आवाज झाला आणि कार्बोरेटरमधून जाळ आला. इंजिन गेलं, भंगारात घाला, असं सांगून तो निघून गेला. दीर मनानं वाईट नाही. दारात मेलेली जीप बघून भाऊ खचतो, असं त्याला वाटलं. येत्या बाजाराच्या दिवशी ये, असं त्यानं भंगारवाल्याला सांगितलं. ते ऐकून मालक त्या दिवशी जेवले नाहीत. मी देवघरापुढं बसले, पण मागायला शब्दच सापडेना. मग म्हटलं, तुला करायचं ते कर, मी फक्त बसते.

बाजाराच्या आदल्या दिवशी सगळे शेतात गेले होते. मालक काठी टेकत जीपशी गेले आणि बॉनेटवर काठी आपटली. मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी डाव्या हातानं दाखवलं तसा मी मिस्त्रीनं बसवलेला डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला आणि सगळे प्लग सोडवले. वर्षानुवर्षं त्यांच्या हातात पाने देत आले होते, म्हणून पाना कुठला ते मला कळायचं. मग त्यांनी आपला अंगठा उभा करून दाबून दाखवला. पहिल्या प्लगच्या भोकावर मी अंगठा ठेवायचा होता. पण समोरून हँडल मारून इंजिन सावकाश फिरवणार कोण? त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मी अंगठा तसाच ठेवून उभी राहिले.

तेवढ्यात गल्लीतून जोगवा मागणारी एक बाई आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, अंगानं धिप्पाड. मला तसं उभं बघून म्हणाली, "माय, इंजिनाची नाडी बघून राहिलीस का?"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. कसंबसं सांगितलं की हँडल मारायला कुणी नाही. अनोळखी माणसाकडं मी आपणहून काही मागितलं, ते तेव्हाच. तिनं परडी तुळशीपाशी ठेवली, पदर खोचला आणि हँडल धरलं.

इंजिन फिरू लागलं. माझ्या अंगठ्याखाली आधी काहीच नव्हतं, मग आतून वारा आला आणि त्यानं अंगठा वर ढकलला. जिवंत माणसाच्या श्वासासारखा. मी म्हटलं, आला. मालकांची नजर इंजिनाच्या पुढच्या चाकीवर मुळातच कोरलेल्या खुणेवर होती. वारा आल्यावर ती खूण जागेवर आली की तीच पहिल्या प्लगच्या ठिणगीची वेळ, इंजिन तिथंच थांबवायचं होतं. त्यांनी हात वर केला, पण हँडल पुढं गेलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा वारा आला, पुन्हा हात वर झाला, पुन्हा खूण निसटली.

बाई वाकलेलीच म्हणाली, "मालक, मला तुमचा हात दिसत न्हाई. तोंडानं सांगा की. का तोंडाचंबी हँडल मारू?"

मी घाबरले. त्यांना राग येईल असं वाटलं. बाईनं परत फिरवलं. अंगठ्याला वारा लागला आणि माझ्या मागून आवाज आला, "थां... ब."

हँडल थांबलं. खूण जागेवर होती. मी अंगठा काढला नाही आणि मागंही वळले नाही. वळले असते तर रडले असते, आणि ते पुन्हा गप्प झाले असते.

मग मी डिस्ट्रिब्युटर आत सोडू लागले. त्याचे दाते तिरके, त्यामुळं तो खाली जाताना फिरत जातो. म्हणून आतला काटा आधी जरा मागं धरून सोडावा लागतो. "मागं," ते म्हणाले. "आजून." काटा पहिल्या प्लगच्या वायरीसमोर आला तेव्हा म्हणाले, "बस." सगळे प्लग परत लावले. चावी फिरवली तशी जीप सुरू झाली, पण थोडी अडखळत होती. मालकांच्या सांगण्यावरून मी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि आवाज एकसारखा झाला. घरच्या माणसाच्या झोपेतल्या श्वासासारखा.

बाईनं जोगव्याचं पीठ घेतलं, मालकांच्या कपाळाला भंडारा लावला आणि ती गेली. शिरूर अनंतपाळकडची आहे, एवढंच म्हणाली. नंतर कळलं, शेजारच्या घरीही ती जोगवा मागून गेली होती, चहाही प्यायली होती. ती कोण होती असं लोक विचारतात. मी म्हणते, जोगवा मागणारी बाई होती. मला तेवढं पुरतं.

भंगारवाल्याला दिरानंच परत पाठवलं. थंडीत आम्ही त्याच जीपमधून माहूरला गेलो. दीर गाडी चालवत होता आणि मालक शेजारी बसून त्याला अर्ध्या शब्दांत रागवत होते. गडावर देवीपुढचा कुटलेला विडा मी त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी तो सावकाश खाल्ला. त्यांचे ओठ हलू लागले. मी कान जवळ नेला. वाटलं, देवीचं नाव घेतील.

ते म्हणाले, "लिंबावरून... ढकलताना... गिअर काढायचा असतो."

खंडेनवमीला ते हेच ओरडून सांगत होते. गिअरमध्येच ढकलल्यामुळं इंजिन आतून फिरलं होतं आणि खडूच्या खुणा वाया गेल्या होत्या. आमच्याच पूजेनं गाडी बिघडली होती. पण ती बिघडली नसती तर मिस्त्रीच्या हातून तेव्हाच सुरू झाली असती, आणि यांना तोंड उघडायची गरज पडली नसती. मी देवीपुढं पदर तोंडाला लावून हसले. हसताना डोळे वाहत होते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पोथीतलं शरण जाणं मला नीट सांगता येत नाही. पण अंगठा ठेवून उभं राहणं मला कळलं. वारा आपल्याला आणता येत नाही. आपण हात काढायचा नाही, एवढंच आपल्याकडं असतं. परवा संध्याकाळी मी देवीपुढं मुकी बसले होते, तर मालक ओसरीवरून मोठ्यानं बोबडं ओरडले, चहा कुठं हाय म्हणून. आई, तुझे उपकार. मी उठून चहा ठेवला.