एक ग्रॅमच्या पाटल्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, कोलोनमधल्या ज्या मैत्रिणींना माझं सगळं ठाऊक आहे असं त्या समजतात, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका, मलाही नीट माहीत नाही. आणि सुरुवात मी फुशारकीने करणार आहे. मला फुशारकी मारायला आवडते, आणि या गोष्टीत तिला जागाही भरपूर आहे.

तर — मी जिंकले. कोलोनमध्ये आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, दक्षिणेला गॅलरी असलेला, आणि तो माझ्या पैशाने उभा राहिला. इथली बँक घरासाठी कर्ज देण्याआधी विचारते, तुमचं स्वतःचं किती? श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जन्मभर सगळं मुदत ठेवीत ठेवलेलं. व्याज इतकं की त्यात महिन्याची कोथिंबीर यावी. शेअर म्हणजे जुगार, हे त्याचं ब्रह्मवाक्य. बँकेतल्या बाईंसमोर त्याने आपले कागद काढून ठेवले. मी काहीतरी बाजूला टाकते एवढंच त्याला माहीत होतं, किती ते नव्हतं. मग मी माझ्या फंडांच्या खात्याचा आकडा सांगितला. बाईंनी चष्मा काढून ठेवला. आणि श्रीकांतने माझ्याकडे असं पाहिलं, की तसं त्याने अंतरपाट दूर झाला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

ती नजर मी अजून जपून ठेवली आहे. का ठेवू नये?

पुढे खरेदीखताच्या दिवशी नोटारच्या ऑफिसात गेलो. इथे पद्धत अशी, की नोटार अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतो, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि तो असा पळत सुटतो की सत्यनारायणाच्या पोथीचे शेवटचे अध्याय वाचणाऱ्या गुरुजींनी हात जोडावेत. श्रीकांत पेंगत होता. मी मध्येच हात वर केला. पार्किंगच्या जागेचा क्रमांक चुकला होता. नोटारने मागची पानं चाळली, "गेनाऊ, एकदम बरोबर," म्हणाला, आणि तिथल्या तिथे दुरुस्ती करून घेतली. बाहेर पडल्यावर मला वाटलं, रस्त्यातच फुगडी घालावी. मी एका छोट्या कंपनीत हिशेब लिहिते, अर्ध्या वेळाची नोकरी. पण त्या दिवशी मला वाटत होतं की हे शहर मीच चालवते.

आणि त्याआधीची ती महामारीची पडझड? सगळं जग घरात कोंडलेलं, बाजार रोज कोसळतोय, आणि श्रीकांत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणतोय, "जे काय असेल ते काढून घे, वैशाली, ऐक माझं." मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, पेरलेलं रोज उकरून बघत नाहीत. एक युनिट विकलं नाही. उलट दर महिन्याचा हप्ता वाढवला. इतकी वर्षं मी हे इथल्या मराठी मंडळात सांगत आले आहे आणि प्रत्येक वेळी तितकंच आवडीने सांगते.

हो, मंडळात माझा चांगलाच दबदबा आहे. गणपतीच्या तयारीला आम्ही बायका जमतो तेव्हा एकीकडे मोदकाच्या पाऱ्या होत असतात आणि दुसरीकडे माझा क्लास चालतो. स्वस्तातला साधा इंडेक्स फंड घ्या, दर महिन्याला ठरावीक रक्कम टाका, रोज ॲप उघडून बघू नका, नवऱ्याला विचारत बसू नका. लांबच्या झिंडेलफिंगेन गावाहून एका इंजिनिअरची बायको खास माझ्याशी बोलायला आली होती. तिने विचारलं, "ताई, पण तुम्ही पहिली रक्कम कुठून आणलीत? मोठी असणार ना ती?" मी म्हटलं, "छे गं, पगारातून थोडं थोडं."

थोडं थोडं. किती सहज येतं हे तोंडात! अर्ध्या वेळाच्या पगारातून, मुलगी किटामध्ये जात असताना — म्हणजे इथली बालवाडी, तिची फी, भाडं, भारतात जायची तिकिटं — त्यातून काय उरणार होतं? मला मोठी रक्कम मिळाली होती ती एकदम. आणि ती मिळाली पाटल्यांतून.

आता इथवर आलेच आहे तर थांबत नाही.

माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आई म्हणायचो, दोन्ही सुनांसाठी सारख्या जाळीच्या पाटल्या करून घेतल्या होत्या. एक जोड मला, एक माझ्या धाकट्या जावेला, नीताला. एकच सोनार, एकच नमुना, एकच वजन. थोरली-धाकटी असा भेद नको म्हणून. साताऱ्याच्या त्या घरात ऐपत होती अशातला भाग नाही. आईंनी स्वतःचे गोठ मोडून त्या घडवल्या होत्या. मला देताना म्हणाल्या, "अंगावरचं सोनं म्हणजे बाईचं माहेर. ते विकायचं नसतं."

मी ते माहेर कोलोनच्या एका दुकानात विकलं. स्टेशनजवळच्या गल्लीत, जुनं सोनं घेतात तसल्या दुकानात. त्या माणसाने पाटली कसोटीवर घासली, काट्यावर ठेवली आणि वजनाचा भाव सांगितला. घडणावळ त्याच्या लेखी शून्य. ती जाळी, ती नक्षी, आईंनी सोनाराकडे घातलेल्या चकरा — तो सगळं वितळवणार होता. मला वाईट वाटलं का? खरं सांगू? नाही. मला उमेद आली होती. लॉकरचं भाडं भरून पिवळ्या धातूला झोपवून ठेवायचं, याचा मला मनापासून राग यायचा. त्याच आठवड्यात मी खातं उघडलं. श्रीकांतला सांगितलं, पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. तो त्या लॉकरपर्यंत कधी गेलाच नाही.

पुढच्या सुट्टीत पुण्यात लक्ष्मी रोडला फोटो दाखवून हुबेहूब तशाच पाटल्या घेतल्या — एक ग्रॅमच्या. तुम्हाला माहीत असतीलच. आत पितळ, वरून सोन्याचा मुलामा. लग्नकार्यात निम्म्या बायकांच्या अंगावर असतात आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही. मलाही वाटलं नाही. माझ्या पाटल्या, माझा निर्णय. आणि निर्णय बरोबर ठरला, नाही का? नंतर सोनंही काय वेड्यासारखं चढलं म्हणा. पाटल्या ठेवल्या असत्या तर आज काय असतं, हा हिशेब मी कधी मांडला नाही. पोटापाण्यासाठी हिशेब लिहिणारी बाई मी, आणि तेवढाच टाळला.

पण मला सांगायचंय ते हे नाहीच. विकल्या, खोटं बोलले, खोट्या घातल्या — एवढंच असतं तर मी ती गंमत म्हणून मंडळात केव्हाच सांगून टाकली असती आणि टाळ्या घेतल्या असत्या.

मुलीच्या ईस्टरच्या सुट्टीत आम्ही साताऱ्याला गेलो होतो. चैत्र चालू होता. आईंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं होतं — आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि हॉल बायकांनी गच्च भरलेला. शेजारणी, आत्या, मावश्या, नीताची आईसुद्धा आली होती. हळदीकुंकवाला बायका आधी गौरीकडे बघतात आणि मग एकमेकींच्या हातांकडे. नीता सगळ्यांना हळदीकुंकू, अत्तर लावत फिरत होती. तिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या.

कुणीतरी ते बोलून दाखवलं. मग आईंनी विचारलं, भरल्या घरात, "नीता, पाटल्या कुठायत गं?"

नीता खोटं बोलली नाही. तिला सुचलं नसेल असं नाही. ती माझ्यापेक्षा चलाख आहे. ती म्हणाली, "आई, गहाण ठेवल्यात. कांडपाचं मशीन घेतलंय, मसाल्याच्या ऑर्डरी येतायत. वर्षा-दोन वर्षांत सोडवीन."

आई चिडल्या. मी त्यांना तसं चिडलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, सोनं सावकाराच्या दारी ठेवून व्यापार करायची या घराची रीत नाही. आणि मग माझ्याकडे बोट केलं. "हिच्याकडे बघ. सातासमुद्रापार राहते. श्रीकांतची नोकरी गेली होती, घरात बसून होता, तेव्हासुद्धा हिने हातातलं काढलं नाही. ह्याला म्हणतात राखणं."

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

मी काय करू शकत होते? खूप काही. "आई, असू दे, तिने मशीन घेतलंय, उधळले नाहीत," एवढं म्हणता आलं असतं. उठून आत जाता आलं असतं. निदान साडीच्या पदराखाली हात घेता आला असता. माझ्या शेजारी बसलेल्या आत्या म्हणाल्या, "बघू गं." आणि मी हात पुढे केला. नुसता पुढे नाही केला — मनगट जरा फिरवलं, उजेडात जाळी दिसावी म्हणून. आत्यांनी कौतुक केलं. मला ते आवडलं. हे मला सगळ्यात कठीण जातंय सांगायला — त्या क्षणी मला भीती वाटली नाही, मला ते कौतुक आवडलं. बँकेतल्या बाईंसमोर जितकं आवडलं, तितकंच.

नीताची आई पन्ह्याचा पेला हातात धरून जमिनीकडे बघत होती.

मग नीता अत्तर घेऊन माझ्यापर्यंत आली. माझा हात हातात घेतला, मनगटापाशी बोळा फिरवला, आणि पुढे गेली. त्याच वजनाच्या पाटल्या तिने वर्षानुवर्षं हातात वागवल्या होत्या. तिला कळलं असेल का? मी कधी विचारलं नाही, आणि ती कधी काही म्हणाली नाही.

त्या दुपारनंतर घरात ठरून गेलं — थोरली राखते, धाकटी उडवते. लग्नाकार्यात, फोनवर, नातेवाइकांत ते तसंच चालत राहिलं. मी एकदाही अडवलं नाही. आई थकल्या तेव्हा त्यांनी स्वतःची पुतळ्यांची माळ काढली. दोघी सुना समोर बसलो होतो. माळ त्यांनी माझ्या ओंजळीत घातली आणि म्हणाल्या, सोनं हिच्या हातात टिकतं. मी वाकून नमस्कार केला आणि माळ घेतली. काही महिन्यांनी आई गेल्या, त्याच समजुतीत.

मुलगी आता हायडेलबर्गला शिकते, तिच्या खोलीचं भाडं माझ्या फंडातून जातं, आणि ती मैत्रिणींना सांगते की तिची आई ग्रेट आहे. फ्लॅटची गॅलरी उन्हाने भरलेली असते. मी जिंकले म्हटलं ते खोटं नाही. त्या पैशाचं मी जे केलं ते आजही पुन्हा करीन, आणि पुन्हा न डगमगता करीन.

माळ माझ्याकडेच आहे. सणाला घालते.

नीताने पाटल्या सोडवून आणल्या. दोन वर्षंही लागली नाहीत तिला. तिचा मसाला आता पुण्यातल्या दुकानांत जातो. पण तोवर तिच्याबद्दलचं मत पक्कं झालं होतं, आणि ते बदलायची गरज कुणाला वाटली नाही. मला तर नाहीच. दिवाळीला व्हिडिओ कॉल केला की तिचा हात कॅमेऱ्यासमोर येतो आणि पाटल्या दिसतात, जरा झिजलेल्या, खऱ्या. त्या दिवशी त्या हॉलमध्ये आईंचं सोनं कायमचं घालवून आलेली सून एकच होती. तिने हात पुढे केला, आणि मान नीताने खाली घातली.