कौलांवरचं ऊन

लोणावळ्यात आमच्या घरमालकांची, आबांची, तीन कौलारू घरं होती. एकात मी, शेजारच्यात रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणारा एक फायरमन आणि त्याची बायको. पावसाच्या तोंडावर कौलं शाकारायला आबा कधी मजूर लावत नसत. स्वतः शिडी घेऊन यायचे, दाराशी खाकरायचे आणि विचारायचे, "वैनी, वर चढू का?" होकार आल्याशिवाय चढत नसत. वर बसून एकेका कौलाला टिचकी मारायचे आणि बद्द वाजलं की ते बाजूला ठेवायचे.

प्लेगच्या साली उंदीर पडू लागले. तेव्हा घरात माणूस दगावलं, की कौलं उतरवून आत ऊन घ्यायची रीत होती. फायरमन ड्यूटीवर असताना त्याची बायको तापाने फणफणली, काखेत गाठ आली. दुपारी शेजारच्या भिंतीला शिडी टेकल्याचा आवाज झाला. बाहेर आलो, तर आबा कौलं उतरवत होते.

"आबा, ती जिवंत आहे अजून."

"व्हय, ठावं हाय. पर घरात रोग मुरला, तर पुन्हा कोण ऱ्हाया येतंय हितं?"

मग उघड्या वाशांमधून वाकून ते नेहमीच्या अदबीने म्हणाले, "वैनी, डोळं मिटा. माती पडंल."

आणि पुढच्या कौलाला टिचकी मारली.

त्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे. आबा अजून शिडी घेऊन येतात. मला जरा कणकण वाटली, की मी कोट चढवतो आणि त्यांना दिसेन असा ओट्यावर येऊन बसतो.