ढगात शिरण्याआधी आईला सांगितलं

ढग गडगडले की आई आधी टीव्हीचा प्लग काढते, मग फ्रिजचा. लातूरकडे तिच्या माहेरी शेतात वीज पडून बैलजोडी गेलेली तिने लहानपणी पाहिली होती. त्यामुळे संशोधनाच्या विमानातून मी वादळी ढगांत जाणार, हे तिला सांगणं मी आठवडाभर टाळत होते.

आई चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर आहे. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून ती थेरगावला घरी आली, तेव्हा चहा पुढे करत मी सांगून टाकलं.

"लोक विजेपासून पळतात अन् तू तिच्या दारात चाललीस?"

"ढगात ती कशी तयार होते, ते आत जाऊनच मोजावं लागतं, आई. विमानाला लागली तरी बाहेरच्या पत्र्यावरून जाते."

तिने बशी खाली ठेवली. "पण वर अर्थिंग कुठंय?"

नोकरीच्या मुलाखतीतही मला कुणी इतकं नेमकं विचारलं नव्हतं! "नाकातून शिरते, शेपटीतून निघून जाते," मी म्हणाले. "विमान म्हणजे तिच्या वाटेतला वायरीचा तुकडा."

"मग जॉइंट पक्के बघून घे. सैल जॉइंटलाच ठिणगी पडते."

उड्डाणाच्या सकाळी मी खरंच वीज मोजायच्या माझ्या यंत्राचा एकेक जोड ओढून पाहिला. दुपारी ढगात शिरलो आणि विमान असं आदळायला लागलं, की हातातलं पेन उडून गेलं. यंत्राच्या पडद्यावर ढगातली वीज दाखवणारी रेघ चढत चालली होती. अचानक खिडकीबाहेर सगळं पांढरंफटक झालं आणि कानाशी कुणी पत्र्यावर हातोडा हाणावा तसा आवाज झाला. वैमानिक हेडफोनमध्ये शांतपणे म्हणाला, "लागली. सगळं ठीक आहे."

माझ्या पडद्यावर त्या विजेची अख्खी नोंद उतरली होती, कुठेही न तुटता. मी आणि शेजारी बसलेले आमचे साठीचे सर, दोघंही शाळेतल्या पोरांसारखे ओरडलो.

खाली उतरल्यावर शेपटीच्या टोकाला मसुराएवढा काळा डाग सापडला. त्याचा फोटो मी आईला पाठवला. लगेच तिचा फोन आला, मागे कंपनीच्या बसमधला गलका.

"अगं, सगळ्यांना दाखवला! ड्रायव्हर म्हणतोय, मावशी, थापा मारू नका. तूच सांग त्याला."

तिने फोन स्पीकरवर टाकला. बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती, आणि ती सुटेपर्यंत बसभरच्या बायका मला प्रश्न विचारत होत्या.