राजाचं तोंड नको होतं तिला

आमच्या लेकीला ऑस्ट्रेलियाचा इतिहास मी शिकवला. सांगलीत बसून, फोनवर. हे आधीच सांगून टाकते, कारण "आई, तुला तिकडचं काय कळतंय" हे पुढं तिच्याच तोंडून ऐकावं लागलं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून सकाळची पहिली एसटी धरून साताऱ्याला कॉलेज केलं, इतिहास घेऊन बी.ए. झाले, बी.एड. झाले. लग्न होऊन सांगलीला आले आणि एकतीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना इतिहास शिकवला. निवृत्त झाले, खडू सुटला, सवय नाही सुटली.

लेक नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली. तिथलं नागरिकत्व घ्यायचं तर परीक्षा द्यावी लागते. देशाचा इतिहास, कायदे, मूल्यं. तिनं मला पानं पाठवली. रोज दुपारी चारला मी चष्मा लावून बसायचे, तिकडं तिची जेवणं उरकलेली असायची. मी प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची. शाळेत असताना सनावळ्या पाठ करायला रडणारी ही पोरगी आता घडाघडा म्हणायची.

पानं वाचून मी गप्प बसणारी बाई नव्हे. मी वाचनालयातून आणखी पुस्तकं आणली. हजारो वर्षं तिथं माणसं राहत होती, त्यांच्या भाषा होत्या, जमिनीचे वाटे होते. इंग्रज आले आणि जमीन कुणाचीच नाही असं धरून बसले. मग स्वतःच्या देशातले कैदी जहाजात भरून तिथं आणून सोडले. पुढं एकोणीसशे एकला सगळे प्रांत मिळून राष्ट्र झालं, आणि झाल्या झाल्या त्याच वर्षी कायदा केला की नको असलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची. युरोपातली कुठलीही भाषा निवडायची आणि त्यातलं शुद्धलेखन घालायचं. हिंदुस्थानी माणूस इंग्रजी लिहून दाखवतोय? घाल त्याला दुसऱ्या कुठल्या तरी भाषेत. नापास. जा परत.

मी लेकीला म्हटलं, "बघ, परीक्षा तेव्हाही होतीच."

ती म्हणाली, "आई, हे विचारत नाहीत. पुढचा प्रश्न घे."

मी घेतला. ती पैकीच्या पैकी पास झाली. इकडचा पासपोर्ट परत करावा लागणार होता, त्यावर मी दोन दिवस जेवले नाही, पण तो विषय आमच्या दोघींत नंतर काढायचा नाही असं ठरलं, म्हणून इथंही काढत नाही.

खरं भांडण नातीवरून झालं.

नात आठ वर्षांची, तिथंच जन्मलेली. पंचवीस एप्रिलला त्यांचा सैनिकांचा दिवस असतो. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर त्यांची हजारो पोरं उतरली आणि मारली गेली. लढाई हरले. पण त्या हरलेल्या लढाईतूनच आपण राष्ट्र झालो असं ते लोक मानतात. पहाटे उभे राहतात, गप्प. मला त्याचं नवल वाटलं नाही. पानिपत झालेल्या मुलखातली मी. हरलेली लढाई माणसं कशी उराशी धरून बसतात ते मला कुणी शिकवायला नको. राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. त्याच किनाऱ्यावर हिंदुस्थानी शिपाईही होते. खेचरांवरून पाणी आणि दारूगोळा वर चढवत होते. लेकीनं पाठवलेल्या पानांत मला त्यांची एक ओळ सापडली नाही.

तर नातीच्या शाळेत आदल्या दिवशी कार्यक्रम व्हायचा होता. ज्यांच्या घरातलं कुणी लढलं त्या मुलांनी त्यांची पदकं लावून पुढं उभं राहायचं. पदक स्वतःचं असेल तर डावीकडं लावतात, पूर्वजाचं असेल तर छातीच्या उजवीकडं. वर्गातला एकजण नातीला म्हणाला, "तू मागं बस, तुमचे कोणी नव्हतेच." पोरीनं मला फोन केला. रडत नव्हती. रागानं फुगली होती, ते मात्र माझ्यावर गेलं.

"आजी, आपलं कोणी होतं का?"

"होतं. माझे पणजोबा. पलटणीत शिपाई होते, त्याच युद्धात इराकात बसऱ्याकडं मेले."

"मग त्यांचं पदक पाठव ना."

बघते म्हणून मी फोन ठेवला. पदक होतं. चांदीचं, कडेवर त्यांचं नाव आणि नंबर कोरलेलं. ते आमच्या घरच्यांनी वितळवलं आणि त्याचा टाक केला.

ज्यांच्याकडं नसतात त्यांच्यासाठी सांगते: टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेला देव, तळहातात मावेल एवढा. देवघरात कुळदेवाशेजारी लढाईत मेलेल्या पूर्वजाचाही टाक बसवतात, त्याला वीर म्हणतात. घोड्यावर बसलेला, हातात तलवार. आमचाही तसाच. नाव नाही, नंबर नाही, पलटण नाही. वडिलांनी मला लहानपणी एवढंच सांगितलेलं, "पदक मोडून वीर केला." मी कॉलेजात गेल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली. एकतीस वर्षं पोरांना पुरावा जपा, पुरावा जपा सांगत होते आणि घरचा पुरावा आमच्याच अडाण्यांनी मुशीत घातला होता.

तरी म्हटलं, टाक तर टाक. तोच नातीच्या छातीवर लागेल. सकाळची गाडी धरून गावी गेले.

थोरला भाऊ स्वतः फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला. देवघर त्याच्याकडं, कारण देव थोरल्या मुलाकडं जातात. मी चहा पिता पिता विषय काढला.

"देव इमानात बसून जात न्हाईत," भाऊ म्हणाला.

"कार्यक्रम झाला की परत येईल, दादा."

"आन् हरवला म्हंजी? आगं, नवरात्रात घटाला कुणाला इड्याच्या पानावर बसवायचं मग? तुज्या नातीचा फोटू?"

"ती त्याच्याच रक्ताची आहे."

"हाय की. पन ती आता ऑस्ट्रेलियाची. आन् तू सांगलीची. तूबी दिलेलीच की गं."

हे तो सहज म्हणाला. त्याला वाटलं तो साधं व्यवहाराचं बोलतोय. मी साठी ओलांडलेली बाई, तरी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. तिकडं माणसाला परीक्षा घेऊन आपलं करतात, आणि मला जन्माच्या घरानं परीक्षा न घेताच परकं केलं.

भाऊ वाईट नाही. माझा चेहरा बघून त्यानं तोडगा काढला. "येक कर. तिला म्हनावं, कागदावर लिव, आमचा पनजोबा तुमच्यासंगट त्याच किनाऱ्यावर व्हता. कोन बघाय जातंय?"

"मी बघायला जाते!" मी एवढ्यानं ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "तो बसऱ्याला मेला. बसऱ्याला मेला तेवढं पुरत नाही का तुम्हाला? त्याला मेल्यावर आणि कुठं कुठं पाठवणार आहात?"

भाऊ टोपी घालून बाहेर निघून गेला.

मी देवघरासमोर जाऊन बसले. वहिनी फुलं काढत होती. म्हटलं, "काय माणसं होती आपली, वहिनी. नाव कोरलेलं पदक, आणि वितळवलं. अडाणीपणाला काही मर्यादा?"

वहिनी निर्माल्य गोळा करता करता म्हणाली, "वन्सं, आडानीपनानं न्हाई केलं ते."

"मग?"

"तुमास्नी ठावं न्हाई?" तिला खरंच नवल वाटलं. "पदकावर राजाचं त्वांड व्हतं. तुमच्या पणजीच्या सासऱ्यानं आनून देवात ठिवलं. रोज पूजा करायची त्या माउलीनं. चार दिस केली. पाचव्या दिशी म्हनली, ज्यानं माजं मानूस न्हेलं त्याच्याच तोंडाला मी रोज गंध लावू व्हय? पदक घेतलं, पायातनं उतरलेली जोडवी घेतली, कोरेगावला सोनाराकडं चालत गेली. म्हनली, दोन्ही येक कर आन् माजा मानूस बसीव."

"घोड्यावर? ते तर पायदळात होते."

"सोनारबी त्येच म्हनला. ती म्हनली, जलमभर पायी चालला. आता बसू दे."

मी विचारलं, तुला हे कुणी सांगितलं. म्हणाली, "सासूबाईंनी. त्यास्नी त्यांच्या सासूनं." सासूबाई म्हणजे माझी आई. माझ्या आईनं ही गोष्ट सुनेला सांगितली, पोटच्या मुलीला नाही. कारण देवघराचं जे काही असतं ते सुनेला सांगायचं असतं, मुलगी जाणारी. मी इतिहासात बी.ए. झाले आणि घरचा इतिहास चुलीपुढं बसून दुसरीनं ऐकला. मला आईचाही राग आला, तिला जाऊन बारा वर्षं झाली तरी.

पण पणजीचा राग आला नाही. उलट वाटलं, माझ्यात हे जे पेटतं ते हिचंच.

सांगलीला आले आणि नातीसाठी पान लिहिलं. मराठीत लिहिलं, मग स्वतः इंग्रजीत केलं. पणजोबांचं नाव, गाव, कुठं मेले, तुमच्या किनाऱ्यावर नव्हते हेही. आणि पदक का नाही ते. नातीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, हे बेस्ट आहे. मी पाठ करते."

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन.

"आई, ते राजाचं वाक्य काढूया."

"का?"

"इथं अजून राजा आहे. नाण्यावर आहे."

"मग वाचायलाच पाहिजे."

"तुला तिकडचं काय कळतंय, आई! पुढच्या आठवड्यात माझा शपथेचा कार्यक्रम आहे. त्याच शाळेतली माणसं तिथं असणार."

"ती पोरगी शाळेत एक खरं वाक्य वाचेल म्हणून तुला शपथ नाकारणार आहेत? मनातलं बोलायला मोकळीक, हे मूल्य म्हणून तूच पाठ केलंस ना माझ्यासमोर?"

"परीक्षेत लिहायला, आई," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "माझं इथं नवीन आहे गं."

नवीन. हा सूर मला ओळखीचा होता. सांगलीला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मीही असंच बोलायचे. भाजीत मीठ जास्त पडलं तरी छान झालीय म्हणायचे. सासरी कुणी बापाच्या गावाला नावं ठेवली तर खाली बघायचे. माझ्या पदवीधर, पगारी लेकीनं परक्या देशात जाऊन सुनेसारखी मान खाली घालायची? मी फोन ठेवून दिला. चार दिवस उचलला नाही.

शाळेतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ नातीनं पाठवला. सुरुवातीला त्यांनी तिथल्या मूळच्या लोकांना मान दिला, ही जमीन तुमची होती म्हणून. दर कार्यक्रमाला देतात म्हणे. मी नातीला नंतर विचारलं, "म्हणतात, पण परत देतात का?" ती म्हणाली, "मॅमना विचारते."

पुढच्या रांगेत पदकं लावलेली पोरं. त्यांच्यात आमची, उजवी बाजू मोकळी. तिनं पणजोबांचं नाव घेतलं. चुकत, अडखळत, पण मोठ्यानं. शंभर वर्षांत त्यांचं नाव चारचौघांत असं कुणी घेतलं नव्हतं. आमच्या गावच्या चावडीवर नाही, आमच्या देवघरात नाही. हे आमच्या सगळ्यांच्या तोंडावर मारल्यासारखं आहे आणि मी ते तसंच लागू देणार आहे. मग गाव, मग बसरा. मग ती थांबली, आईकडं बघितलं असावं, कारण आईच्या हातातला कॅमेरा हलला. आणि खाली बसली.

राजाचं वाक्य आलं नाही.

संध्याकाळी नात म्हणाली, "आजी, मला येत होतं. पाठ होतं."

"माहीत आहे मला."

"आई नवीन आहे ना, म्हणून."

मी लेकीला माफ केलेलं नाही. करीन. तिचा शपथेचा फोटो आलाय, हातात झेंडा आहे, छान दिसते. पण तिनं गाळलेलं वाक्य कुठं तरी लिहिलेलं राहिलं पाहिजे, नाहीतर तेही मुशीत जाईल आणि पुढं कुणीतरी शिकलेली बाई माझ्यासारखीच त्याला अडाणीपणा म्हणेल. म्हणून नातीनं पाठ केलं होतं तसंच ते इथं लिहिते:

माझ्याकडे पदक नाही, कारण त्यांच्या बायकोनं ते वितळवलं. त्यावर राजाचं तोंड होतं. तिला तिच्या नवऱ्याचं हवं होतं.