मेणाखालचा मावा

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पॉलिशकाकांनी एकतीस वर्षं खडे घासले. अंबराचे खडे. अंबर म्हणजे झाडाची राळ मुरून झालेला पिवळा दगड. त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वी अडकलेले किडे. काकांच्या वाट्याला आला मावा. शेतकरी ज्याला शिव्या घालतो तोच, तिळाएवढा. बायको म्हणायची, लोकांचे नवरे सोनं घासतात, आमचे मावा.

कामाला गोडी होती ती या किड्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईंमुळे. बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायच्या. काका खड्यावर घासणीचा एक हात फिरवून खडा पुढे करायचे. बाई दोनच शब्द बोलायच्या, "अजून" किंवा "थांब." पंखांवरच्या शिरा मोजून त्या ठरवायच्या, हा आजच्या कुठल्या माव्याचा सख्खा, कुठल्याचा चुलत, कुठल्याचा नुसता नावाला नातेवाईक. ते दिवस आठवले की काकांना भरून यायचं.

एकाच खड्यापाशी गाडं अडलं होतं. मागच्या पंखाला तिरकी शीर एक की दोन, यावर त्या किड्याचं घराणं ठरणार होतं आणि नेमका तिथेच बुडबुडा. बाई म्हणायच्या, एकच असणार. वरून आणखी घासावं तर किडाच जायचा. खालची बाजू खडबडीत, अपारदर्शक. खडा खणात गेला. बाई निवृत्त झाल्या, पुढे त्यांची नजरही गेली, पण प्रत्येक फोनवर त्याची चौकशी असायचीच. काका विषय बदलायचे.

कारण उमेदवारीच्या काळात, बाई जेवायला गेल्या असताना, काकांनी तो खडा चुकून खालूनच घासला होता. बोलणी नकोत म्हणून त्या बाजूला खडबडीत मेण थापलं होतं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी वाटलं, आपलं पाप आपल्या जागी येणाऱ्या नव्या मुलीच्या गळ्यात नको. मेण खरवडून, किड्याचं किती नुकसान झालंय ते बघायला त्यांनी खडा भिंगाखाली उलटा धरला. किडा शाबूत होता. आणि खालून, बुडबुडा आड न येता, पंख स्वच्छ दिसत होता.

त्यांनी बाईंना फोन लावून सगळं सांगून टाकलं.

"इतकी वर्षं मला घाबरलास?" बाई म्हणाल्या. "शिरा किती?"

"दोन."

"म्हणजे मीच चुकले." मग म्हणाल्या, "डोळे होते तेव्हा बघायला हवं होतं रे."

काकांनी घासणी उचलली. "बाई, जरा अजून घासू का?"

"थांब. आधी सांग, कसा दिसतो."

काका पहिल्यांदाच बाईंच्या स्टुलावर बसले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि सांगू लागले.